एल्डरबेरीची बाटली

परदेशीं राहणारीं मुलें सुटींत घरीं येतात तेव्हां त्यांच्या पेटींतून बदाम, चॉकोलेट आणि गुडघ्यांचें मलम यांच्या जोडीस अलीकडे आणखी एक जिन्नस निघूं लागला आहे. गडद जांभळ्या रंगाचें सरबत, किंवा त्याच रंगाच्या चघळावयाच्या गोळ्या. नांव एल्डरबेरी. "पडसें, खोकला, फ्लू, सगळ्यांवर चालतें, शिवाय अगदीं नैसर्गिक आहे," एवढें सांगून ती बाटली फडताळांत सितोपलादि चूर्णाच्या शेजारीं ठेवली जाते. जेथें तीन पिढ्या एका पंगतीस बसतात तेथें ती कोणाच्या हातीं लागेल याचा नेम नसतो. म्हणून तिची नीट ओळख करून घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें झाड आपल्याकडचें नव्हे. युरोपांत तें कुंपणांत, ओढ्याकांठीं, पडक्या भिंतीच्या आडोशास आपोआप उगवतें. शास्त्रीय नांव सांबुकस नायग्रा. जूनच्या सुमारास त्यास पांढुरक्या बारीक फुलांचे छत्रीसारखे तुरे येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरांत त्या जागीं मिऱ्याहून किंचित् मोठ्या, काळ्या-जांभळ्या फळांचे घोस लोंबूं लागतात. फांदीचा गाभा भेंडासारखा मऊ असतो. तो कोरून काढला कीं पिपाणी तयार, हें तिकडील पोरांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. मराठींत या झाडास नांव नाहीं. हिमालयांत त्याचे भाऊबंद वाढतात. परंतु भाऊबंदांचे गुण एक नसतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

ज्या देशांत तें वाढतें तेथें मात्र त्याचा मान मोठा. डेन्मार्कांत अशी समजूत होती कीं, या झाडांत एक म्हातारी माता राहते आणि तिची अनुज्ञा घेतल्यावांचून फांदी तोडूं नये. आपल्याकडेही औषधी उपटण्यापूर्वीं तिची प्रार्थना करण्याची चाल होती, तिची येथें आठवण होते. हॅन्स अँडरसनच्या एका गोष्टींत पाय भिजवून पडसें घेऊन आलेल्या मुलास आई याच फुलांचा चहा करून देते, आणि किटलीचें झांकण उचलून आंतून सबंध झाड वर येतें. उत्तर जर्मनींत थंडीच्या दिवसांत या फळांचें ऊन ऊन सार करून त्यांत सफरचंदाच्या फोडी व रव्याचे गोळे सोडतात. १६३१ सालीं ब्लॉखविट्झ नांवाच्या जर्मन वैद्यानें या एकाच झाडावर लॅटिनमध्यें सबंध ग्रंथ लिहिला. आपली आजी सुंठ, मिरे आणि तुळस ज्या श्रद्धेनें उकळीत असे, त्याच श्रद्धेनें तिकडील आजी हें फळ उकळीत आली. या श्रद्धेस हंसण्याचें आम्हांस कांहींच कारण दिसत नाहीं. ऊन पेय घशास बरें वाटतें, आणि कोणी उशाशीं बसून तें पाजतें याचेंही मोल आहे.

परंतु गुण येतो कीं नाहीं, हा प्रश्न श्रद्धेचा नव्हे. नॉर्वेमध्यें १९९९-२००० च्या हिवाळ्यांत फ्लूच्या ६० रोग्यांवर प्रयोग झाला. कांहींना दिवसांतून चार वेळां १५ मिलिलिटर हें सरबत दिलें, बाकीच्यांना तसेंच दिसणारें पण औषधावांचूनचें. सरबत घेणारे सरासरीनें चार दिवस आधीं बरे झाले, असा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें ऑस्ट्रेलियांतून दूरच्या विमानप्रवासास निघालेल्या ३१२ लोकांवर प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१६ सालीं आला: पडसें टळण्यांत म्हणण्याजोगा फरक नाहीं, पण ज्यांस झालें त्यांपैकीं हें औषध घेणारांचें लवकर ओसरलें. नंतर अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिक या रुग्णालयानें तपासणींत फ्लू ठरलेल्या ८७ रोग्यांवर पुन्हा पडताळा पाहिला. २०२० सालच्या त्या निकालांत सरबताचा कांहींही लाभ दिसला नाहीं. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास येथें एवढेंच म्हणावेंसें वाटतें कीं, साठ आणि सत्याऐंशी हे एकेका वर्गाच्या पटाचे आंकडे आहेत. त्यांवरून पास किंवा नापास, कोणताच शेरा लाल शाईनें मारतां येणार नाहीं.

घरोघरच्या अनुभवाचें काय? पडसें दोनशेंहून अधिक प्रकारच्या विषाणूंपैकीं कोणत्याही एकानें होतें, आणि बहुधा आठवड्या-दहा दिवसांत आपण होऊन जातें. पांचव्या दिवशीं जें घ्यावें त्यास सातव्या दिवशीं यश मिळतें. यास आपल्या पंडितांनीं फार पूर्वींच नांव देऊन ठेवलें आहे: काकतालीय न्याय. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, एवढेंच.

पडशापुरतें हें चालून जातें. 'पडसें' हा शब्द 'प्रतिश्याय' या संस्कृत शब्दापासून आलेला, आणि रोगही तसाच जुना, ओळखीचा. फ्लूची गोष्ट निराळी. पडसें पायरी-पायरीनें चढतें: आधीं घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक. फ्लू बहुधा एकदम येतो. सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळीं १०२-१०३ अंश तापानें अंथरुणास खिळतो आणि सर्वांग कोणीं बडवून काढल्यासारखें ठणकतें. १९१८ सालच्या साथींत याच रोगानें आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. २००९ सालीं निराळ्या विषाणूनें आलेल्या साथींत देशांतील पहिला मृत्यु ऑगस्ट महिन्यांत पुण्यासच झाला. तरुण व सशक्त मनुष्य बहुधा यांतून उठतो. पासष्टीच्या पुढील वृद्ध, लहान बालकें, गर्भिणी, आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले, यांच्या मात्र फुप्फुसांपर्यंत तो पोंचण्याची भीति असते.

अशा रोग्यांकरितां आज औषध आहे. ओसेल्टामिव्हिर हें त्याचें नांव. १९९९ पासून तें वापरांत आहे. तें ताप आल्यापासून ४८ तासांच्या आंत सुरू झाल्यास त्याचा सर्वांत अधिक उपयोग होतो. गंमत अशी कीं, या औषधास लागणारें शिकिमिक आम्ल पुष्कळ काळ आपल्या मसाल्याच्या डब्यांतील चक्रीफुलापासून काढीत आले. म्हणून कोणी चक्रीफूल उकळून पिऊं लागेल तर तें व्यर्थ होय. त्या आम्लावर रसायनशाळेंत एकामागून एक अनेक संस्कार व्हावे लागतात, तेव्हां कोठें औषध होतें. वनस्पति आणि औषध यांच्यामध्यें पुष्कळ अंतर असतें. "नैसर्गिक" हा शब्द तें अंतर झांकून टाकतो.

आणि आमची खरी धास्ती त्या ४८ तासांचीच आहे. सत्तरी ओलांडलेल्या मामंजींस रात्रीं ताप भरतो. "कणकण आहे थोडी, सूनबाई, डॉक्टर कशाला? तें सरबत आहे ना?" सूनबाई नेमानें चार वेळां सरबत देते. परदेशांतून मुलगा फोनवर विचारतो, "सरबत चालू आहे ना?" चालू असतें. सर्वांचें समाधान होतें, कारण प्रत्येकानें कांहींतरी केलेलें असतें. तिसऱ्या दिवशीं धांप लागते आणि मग धांवाधांव सुरू होते. या प्रकारांत सरबतानें कोणतीही इजा केलेली नसते; दोन दिवस मात्र गेलेले असतात.

सरबतानें इजा नाहीं म्हटलें, तरी कच्च्या फळाचें तसें नाहीं. कच्चीं फळें, पानें, देंठ व साल यांत असें द्रव्य असतें कीं त्यापासून पोटांत सायनाइड सुटतें. ऑगस्ट १९८३ मध्यें कॅलिफोर्नियांत एका मेळाव्यांत पानांदेंठांसकट कच्च्या फळांचा रस काढून पंचवीस जणांच्या मंडळींत वांटला गेला. पाव तासाच्या आंत अकरा जणांस ओकाऱ्या व भोंवळ सुरू झाली, आणि आठ जणांस हेलिकॉप्टरनें मॉन्टेरेच्या रुग्णालयांत न्यावें लागलें. सारे वांचले. न ओळखलेलें औषध विषासारखें, शस्त्रासारखें, अग्नीसारखें असतें, असें चरकानें सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत बजावलें आहे, तें हेंच.

तेव्हां ज्यांचीं मुलें परदेशांत आहेत आणि तेथून वाळलेलीं फळें मागवून घरीं काढा करण्याचा ज्यांचा बेत आहे, त्यांनीं देंठ-काड्या निवडून टाकाव्यात, फळें चांगलीं अर्धा तास उकळावींत आणि बिया गाळून घ्याव्यात. तयार बाटली असेल तर तिच्या पाठीवर साखरेचें प्रमाण वाचावें. मधुमेही मनुष्यास तें चार वेळां झेपेलच असें नाहीं. मध घातलेलें सरबत वर्षाच्या आंतील मुलास देऊं नये. अवयवरोपण झालेल्यांनीं, किंवा शरीराची प्रतिकारशक्ति मुद्दाम दाबून ठेवणारीं औषधें घेणारांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यास हात लावूं नये. इतरांनीं पडशांत दोन चमचे घेतल्यास आमची हरकत नाहीं. चव बरी असते, जांभळाची आठवण करून देणारी.

घरांतील वृद्धांस फ्लूची लस मात्र दरवर्षीं नव्यानें टोंचून घ्यावी लागते, कारण विषाणु रूप पालटतो. तिचा प्रभाव येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत फ्लूचा जोर वाढतो. यास्तव मे महिन्यांत, नातवंडांची सुटी संपण्यापूर्वीं, आजी-आजोबांस डॉक्टरांकडे नेऊन आणणें सोयीचें पडतें.