मातीतली ठेव

सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढे कित्येक दिवस नौदलाचे पाणबुडे पात्रात उतरत होते. गढूळ पाण्यात काही दिसेना, म्हणून क्रेनला ३०० किलोंचे लोहचुंबक बांधून तेही पाण्यात सोडून पाहिले. डोळ्यांना न दिसणारा धातू साधनाने हुडकायचा, हा प्रकार महाड, पोलादपूर, बिरवाडीच्या लोकांनी पाहिला तो असा, शोकाच्या वेळी.

आता तीच गोष्ट छंदाच्या रूपाने दारात आली आहे. काठीच्या टोकाला थाळीएवढे वेटोळे, वर बॅटरी आणि कानाला लावायची यंत्रणा. काही हजार रुपयांत मेटल डिटेक्टर घरपोच मिळतो आणि निवृत्त मंडळींपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत अनेकांना त्याची भुरळ पडते. पूर्वी गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागायचा, आता बॅटरी लागते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. वेटोळ्यातून बदलता वीजप्रवाह जातो, जमिनीतल्या धातूत त्यामुळे क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि तो यंत्राला कळतो. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना १८८१ मध्ये गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र वापरले होते. ते फसले. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, हे त्याचे एक कारण सांगतात. आपल्या कोकणात ते काम मातीच करते. जांभ्यात आणि काळ्या कातळाच्या मातीत लोह इतके की यंत्र उगाचच बोलत राहते. त्यात बिरवाडीसारख्या कारखान्यांच्या शेजारी खिळे, पत्र्याचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणे. दिवसभर खणून शेरभर भंगार हाती लागावे, असाच हा उद्योग.

तरीही छंद वाईट नाही. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे गाव आहे. तिथे नोव्हेंबर १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला एरिक लॉज हा त्याचा मित्र यंत्र घेऊन गेला आणि रोमन काळातले सोन्याचांदीचे घबाड सापडले. लॉजने थोडे उकरले, मग हात आवरला आणि वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा पद्धतशीर काढला. सुमारे १५ हजार नाणी होती, शिवाय ज्या लाकडी पेटीत ती ठेवली होती तिच्या खुणाही मिळाल्या. बक्षिसाचे साडेसतरा लाख पौंड लॉजने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला!

याच देशात २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना असेच घबाड मिळाले. त्यांनी ते लपवले आणि फोडून विकले. २०१९ मध्ये दोघे तुरुंगात गेले. सुमारे ३०० नाण्यांपैकी ३०च्या आसपासच परत मिळाली.

आपल्याकडची वाट दुसरी आहे. खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याशी, २०२५ च्या मार्चमध्ये काय झाले ते आठवा. 'छावा' चित्रपट नुकताच येऊन गेला होता. महामार्गाच्या कामाची माती शेतात पडली होती आणि तिच्यात मोगली मोहरा आहेत अशी आवई उठली. रात्री मोबाइलच्या उजेडात माणसे शेत खणू लागली आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. गुप्तधनाच्या नादाने याहून भीषण गोष्टी घडतात, म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अशा अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली.

आमच्या भागात हा नाद अधिकच घातक. डोक्यावर रायगड, महाडच्या वेशीवर गांधारपाल्याची लेणी. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात रायगडही आला. अशा संरक्षित जागी परवानगीवाचून खणणे गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान कशाचे होते, हे समजून घ्यायला हवे.

नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला याचा ढळढळीत पुरावा या ढिगाने दिला. तीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत गेली असती, तर चांदी मिळाली असती आणि इतिहास विरघळला असता. नाणे कुठे होते, कोणाच्या शेजारी होते, किती खोल होते, हीच त्याची साक्ष. खणणारा ती एका फावड्यात पुसतो.

मग सापडणारा माणूस सरकारला का कळवत नाही? इथे मला माझी बँकेची नोकरी आठवते. सोनेतारणाची कर्जे मी पुष्कळ दिली. सराफ समोर दागिना तोलायचा, कसोटीवर घासायचा. वजन आणि कस लिहिलेली पावती हातात पडली की दागिना सोडून जाणाऱ्याचा चेहरा सैल व्हायचा. गुप्तधनाच्या बाबतीत आमच्या शेतकऱ्याला असा दिलासा कोण देतो?

कायदा आहे, १८७८ चा! दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि ठेवा सरकारी खजिन्यात भरायचा किंवा जामीन द्यायचा. न कळवल्यास वाटा बुडतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. ठेवा बेवारशी ठरला, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. ही वाटणी उदारच म्हणायची. पण सरकारने तो स्वतःकडे घ्यायचा ठरवला, तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश, एवढेच देणे. म्हणजे शिवरायांच्या होनाचा भाव तारण ठेवलेल्या पाटलीसारखाच ठरायचा! तारणाला तो हिशेब ठीक आहे, इतिहासाला नाही.

इंग्लंडने १९९७ पासून जागोजागी अधिकारी नेमले. सापडलेली वस्तू त्यांना दाखवावी, त्यांनी नोंद करावी, अशी ती सोय. दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. आपल्या तहसील कचेरीत एक जाणता माणूस, छायाचित्रासह हातोहात पावती आणि बाजारभावाने मोबदला, एवढे तरी सरकारने करावे. माणसाला चौकशीचा ससेमिरा दिसला की तो सराफाची वाट धरतो.

आणि छंद कुठून सुरू करावा? आपल्या देवघरातून. कोकणातल्या कितीतरी घरांत देवांच्या ताम्हनात एखादी शिवराई असते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही अक्षरे तांब्यावर आली आणि पुढे पेशवाईतही पडत राहिली. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. अक्षरांची वळणे, दांड्या, वजन यांवरून काळ ओळखण्यात खरी मौज आहे. आजीच्या बटव्यात १९४३ नंतरचा भोकाचा पैसा असेल, १९५७ चा नवा पैसा असेल. ते चिंचेने घासू नका, मूळचा रंग जाऊ द्यायचा नसतो. वहीत वजन, अक्षरे आणि ते घरात कसे आले ते लिहा. नातवंडांना घेऊन नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथले संग्रहालय पाहून या.

यंत्र घेतलेच असेल, तर हॉक्सनच्या शेतकऱ्याप्रमाणे हरवलेल्या वस्तूसाठी वापरा. लावणीच्या चिखलात पडलेले जोडवे, गवतात गेलेली विळी ज्याची त्याला शोधून द्या, दुवा मिळेल. आणि शोधता शोधता जुने काही लागले, तर फावडे बाजूला ठेवा, जागेची खूण करा, छायाचित्र घ्या आणि वर्दी द्या. मातीत कोणी तरी ठेव ठेवून गेला आहे. ठेवीदार परत येणार नाही, पण म्हणून ती आपली होत नाही. एवढे तर बँकेतला शिपाईही जाणतो.