डेटाबेस शिकवतात, वेबपेज शिकवतात. जोडणी कोण शिकवणार?

संगणकाच्या पदवी आणि पदविका अभ्यासक्रमांत डेटाबेस हा एक विषय असतो आणि वेब डिझाइन हा दुसरा. एकात टेबल, नॉर्मलायझेशन आणि जॉइन. दुसऱ्यात एचटीएमएल, सीएसएस आणि थोडेफार जावास्क्रिप्ट. दोन्हींची जर्नल्स वेगळी, प्रॅक्टिकल्स वेगळी, बहुतेकदा शिकवणारेही वेगळे. मग प्रोजेक्टचे सत्र उजाडते आणि मुलांना सांगितले जाते, आता दोन्ही जोडून एक वेबसाइट करा. जोडायचे कसे, याला वेळापत्रकात फारशी जागाच नसते. त्यामुळे मागच्या बॅचचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून पुढे सरकतो, 'लायब्ररी मॅनेजमेंट'चे 'हॉस्टेल मॅनेजमेंट' होते आणि व्हायव्हा पार पडते. यात मुलांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; जे शिकवलेच नाही ते त्यांनी कुठून आणायचे? डेटाबेस आणि टेम्प्लेट यांच्यामधला सांधा हा स्वतंत्रपणे शिकवण्याचा विषय आहे, आणि फ्रेमवर्क, वर्डप्रेस किंवा एआय हातात देण्याआधी तो प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा तरी हाताने करून घेतला पाहिजे, असे माझे मत आहे.

हा सांधा म्हणजे नेमके काय, हे समजावायला आपल्याकडे सातबाऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. ऑनलाइन उतारा काढताना आपण जिल्हा, तालुका, गाव निवडतो, गट क्रमांक टाकतो आणि पडद्यावर एक पान उमटते. ते पान त्या गटासाठी कुणी आधी बनवून ठेवलेले नसते. नमुना सगळ्या गावांना एकच: खाते क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, फेरफार क्रमांक, इतर अधिकार. हा रिकामा नमुना म्हणजे टेम्प्लेट आणि त्यात भरायची नावे व आकडे म्हणजे डेटा. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो गट क्रमांक घेतो, डेटाबेसला विचारतो आणि आलेल्या ओळी टेम्प्लेटच्या हवाली करतो. ऐकायला सोपे, पण करायला बसले की एकेक गोष्ट समोर येते. एका गटात चार भोगवटादार असतील तर नावाची ओळ चार वेळा छापली गेली पाहिजे, म्हणजे टेम्प्लेटमध्ये लूप हवी. एकाच माणसाची जमीन पाच गटांत असेल तर त्याचे नाव पाच ठिकाणी टाइप करायचे नाही, खाते क्रमांकाने ते आठ-अशी जोडायचे. नोंदीपुढचा फेरफार क्रमांक गाव नमुना सहाकडे नेतो. वारसनोंद झाली की जुने नाव पुसले जात नाही, ते कंसात जाते. म्हणजे कोणती नोंद कधीच डिलीट करायची नाही, हेही इथेच शिकता येते. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध १९७० साली लिहिला. आपल्या तलाठ्यांचे दप्तर त्याआधीपासून क्रमांकांनीच एकमेकांना बांधलेले होते. एवढे धडधडीत उदाहरण घरात असताना आपली पुस्तके अजून 'एम्प्लॉयी' आणि 'डिपार्टमेंट'च्या टेबलांत अडकून आहेत, हे काही मला कळत नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या आणि नीट जोडायच्या, हे शहाणपण वेबच्या जगातही ठेचा खाऊनच आले. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली पीएचपी लोकांपुढे ठेवली. वेबपेजच्या मधोमध प्रोग्रॅमच्या ओळी लिहायच्या, तिथूनच डेटाबेसला विचारायचे आणि तिथेच उत्तर छापायचे, अशी तिची सोय. त्या सोयीमुळे जगभरची हजारो मुले वेबसाइट करायला शिकली, हे मान्यच केले पाहिजे. पण पान वाढले की क्वेरी, हिशोब आणि रंगरूप यांचा असा काला होतो की बटणाचा रंग बदलायला गेलेला माणूस क्वेरी मोडून येतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात याच अडचणीतून वेगळी वाट निघाली. 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'च्या वेब विभागात काम करणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ पासून स्वतःसाठी जी साधने उभी केली, ती २००५ च्या जुलैमध्ये जँगो या नावाने सर्वांसाठी खुली झाली. वृत्तपत्राला बातमी एकदाच साठवायची असते आणि ती पहिल्या पानावर, विभागाच्या पानावर, जुन्या अंकांत अशी वेगवेगळ्या रूपांत दाखवायची असते. तीही डेडलाइनच्या आत. म्हणून जँगोची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली गेली. तिच्यात लूप फिरवता येते, अट घालता येते, पण मनाला येईल तो पायथॉन प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पानाची मांडणी करणाऱ्याने मांडणीच करावी, यासाठी घातलेले ते कुंपण आहे. हे कुंपण का घातले, ते ज्याने एकदा बिनकुंपणाचे पान लिहून पाहिले त्यालाच पटते. बाकीच्यांना ती निव्वळ कटकट वाटते.

आता सांध्यात चूक झाली तर काय होते ते पाहू. वसईत किंवा गोव्यात राहणाऱ्या एखाद्या डिसोझांनी आपले आडनाव इंग्रजीत, मधल्या अवतरणचिन्हासह, फॉर्ममध्ये भरले की विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रोजेक्ट जागच्या जागी कोसळतात. कारण साधे आहे. फॉर्ममध्ये आलेला मजकूर आणि एसक्यूएलची क्वेरी ही दोन वाक्ये अधिकचे चिन्ह देऊन जोडलेली असतात. आडनावातले चिन्ह डेटाबेसला मजकूर संपल्याची खूण वाटते आणि पुढचे अक्षर आज्ञा वाटते. डिसोझांच्या हातून हे नकळत होते. वाईट हेतूचा माणूस तिथेच मुद्दाम आज्ञा लिहितो, आणि यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये असाच हल्ला झाला. विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून आलेली जुनी वेबपेजेस तशीच पडून होती आणि त्यांतून सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती बाहेर गेली. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंड दंड केला. यावरचा उपाय तेव्हा कित्येक वर्षे जुना होता: क्वेरीचा सांगाडा आधी पाठवायचा आणि मूल्ये वेगळी पाठवायची, म्हणजे मूल्य हे मूल्यच राहते. दोन ओळींचे काम. ते डेटाबेसच्या तासाला शिकवले जात नाही, कारण तिथे क्वेरी हाताने टाइप होते. वेबच्या तासालाही शिकवले जात नाही, कारण तिथे डेटाबेसच नसतो.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचे आहे. २०१९ च्या मे महिन्यात उघड झाले की तिच्या वेबसाइटवरच्या कागदपत्राच्या पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचे कागदपत्र उघडते. अशी सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे त्या मार्गाने पाहता येत होती. इथे कुणी काही फोडले नव्हते. क्वेरी बरोबर होती, टेम्प्लेट बरोबर होते, पान नीट दिसत होते. 'कोणता कागद?' हे विचारले गेले होते, 'मागणारा कोण?' हे विचारायचे राहिले होते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पतसंस्था, शाळा, दवाखाने आपापल्या वेबसाइट गावातल्याच मुलांकडून करून घेतात, तेव्हा हा प्रश्न लांबचा राहत नाही.

मराठीपुरता आणखी एक पदर आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. टेबल, डेटाबेसशी होणारे कनेक्शन आणि वेबपेज या तिन्ही ठिकाणी अक्षरांची एकच पद्धत ठरवलेली नसेल तर 'महाराष्ट्र' असे भरलेले नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन परत येते. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये घडले. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्यात काहीच सांगितले नाही तर अक्षरे लॅटिन आणि क्रमवारी स्वीडिश धरली जाई. त्यातला जुना 'यूटीएफ-८' हा पर्यायही अर्धाच होता. एका अक्षराला तो जास्तीत जास्त तीन बाइट देई. देवनागरीला तेवढे पुरतात, पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की नोंद अडते किंवा तुटते. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, दुसरे 'अ'वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला ते वेगळे वाटतात, आणि यादीत असलेले ॲडव्होकेट शोधून सापडत नाहीत. वर्णमालेत 'ह'नंतर येणारा 'ळ' युनिकोडच्या क्रमांकात 'ल'च्या शेजारी बसतो, म्हणून नुसत्या क्रमांकाने लावलेली मराठी यादी शाळेतल्या मुळाक्षरांशी जुळत नाही. मराठी मुलांकडून मराठी नावांची यादी करून घेतली तर हे सगळे एका आठवड्यात कळते. 'जॉन' आणि 'मेरी' भरून चार वर्षे सराव केला तरी कळत नाही.

यावर पहिला आक्षेप आजकाल तयारच असतो: हे सगळे एआय लिहून देते, मुलांना कशाला राबवायचे? देते, आणि पुष्कळदा चांगलेही देते. पण एआयला काय सांगायचे आणि त्याने दिलेले कसे तपासायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. फर्स्ट अमेरिकनमधल्या चुकीसारखी चूक प्रोग्रॅम चालवून दिसत नाही, कारण प्रोग्रॅम व्यवस्थित चालत असतो. ज्याने स्वतः ती क्वेरी कधी लिहिली नाही, त्याला तिच्यात काय राहिले ते कसे दिसावे? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फ्रेमवर्क ही काळजी आपणहून घेतात. जँगो २००८ पासून टेम्प्लेटमध्ये येणारा मजकूर निर्धोक करूनच छापते, मूल्येही वेगळी पाठवते. मग जुन्या चुका नव्याने का करायला लावायच्या? हे खरे आहे आणि नोकरीत फ्रेमवर्कच वापरावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण प्रत्येक फ्रेमवर्कला मागचे दार असते. जँगोत एखाद्या मजकुरापुढे 'सेफ' असा शब्द लावला की ती राखण उठते. पानावर एचटीएमएलच्या खुणा दिसायला लागल्या म्हणून घाबरलेला नवशिक्या इंटरनेटवर उत्तर शोधतो, 'सेफ' लावतो आणि प्रश्न सुटला म्हणून निजतो. शिवाय फ्रेमवर्क क्वेरी डोळ्यांआड नेते, त्यातून नवी चूक जन्मते. गावातल्या ३०० खात्यांची यादी दाखवणारी लूप प्रत्येक खातेदारासाठी गुपचूप वेगळी क्वेरी पाठवते. एका जॉइनमध्ये होणारे काम ३०१ क्वेऱ्यांत होते आणि 'सर्व्हर स्लो आहे' असे निदान होते. ही चूक ओळखायला त्या लूपमागे काय चालले आहे ते माहीत असावे लागते.

वर्डप्रेसवाल्यांचे म्हणणे वेगळे: छोट्या दुकानदाराला यातले काहीच नको असते. अगदी बरोबर, दुकानदाराला नकोच. पण त्याची वेबसाइट सांभाळण्याचे पैसे घेणाऱ्याला हवे. साधनांची सबब तर आता उरलेलीच नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, तो पायथॉनसोबतच येतो आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या जुन्या संगणकावरही हे सगळे सहज चालते. अडचण वेळापत्रकाची आहे, आणि दोन विषयांच्या शिक्षकांनी चार तास एकत्र घ्यायचे ठरवले तर ती विद्यापीठाचे परिपत्रक न येताही सुटते.

अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतात, म्हणून विनंती प्रॅक्टिकलच्या परीक्षकांना आहे. प्रोजेक्टची छापील, बांधीव फाइल बाजूला ठेवा. नावाच्या चौकटीत डिसोझांचे आडनाव अवतरणचिन्हासह टाका, मग 'ॲड.' टाकून शोधा, मग पत्त्यातला आकडा एकाने वाढवा. पाच मिनिटे लागतील. पान कोसळले तरी मुलाला नापास करू नका. ते का कोसळले हे त्याला तिथेच विचारा, आणि गुण त्या उत्तराला द्या.