फुटक्या बादलीचा सामना

काय दोस्तांनो, रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर जाता की नाही? तिथं एकाच वेळी इतके क्रिकेटचे डाव रंगतात की कुणाचा चेंडू कुणाच्या पायात, कळत नाही! आणि कडेला हमखास दोन-तीन पोरं उभी असतात. ती खेळत नाहीत. लांब गेलेला चेंडू परत फेकतात, बस्स.

अशाच पोरांकडे नागपूरच्या एका सरांचं लक्ष गेलं. विजय बारसे हे त्यांचं नाव. ते हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. कॉलेजातल्या खेळाच्या सरांना सगळंच बघावं लागतं बरं का! कबड्डी, खो-खो, धावणं, शिवाय जिमखान्याची किल्लीही त्यांच्याच खिशात. पण या सगळ्या संघांत एक अट असते : खेळाडू कॉलेजचा विद्यार्थी हवा.

२००१ मध्ये एकदा भर पावसात बारसे सरांना झोपडपट्टीतली काही मुलं दिसली. चिखलात एका फुटक्या बादलीला लाथा मारत होती. खोडी? छे! तो चक्क फुटबॉलचा सामना होता. सरांनी त्यांना खरा चेंडू दिला. खेळ चालू असेपर्यंत ही मुलं भांडणं, व्यसनं सगळं विसरतात, हे त्यांनी पाहिलं. मग झोपडपट्टीतल्या मुलांसाठीच स्पर्धा भरवली. बूट नाहीत? अनवाणी या! शंभराहून जास्त संघ आले. त्यातल्या कितीजणांना कॉलेजच्या संघात जागा मिळाली असती, सांगा बघू?

घरच्या मोठ्यांनो, हे तुमच्यासाठी. निवृत्तीनंतर हाती आलेला पैसा माणूस जपून ठेवतो. सरांनी त्यातून या खेळासाठी जमीन घेतली! लोक काय म्हणाले असतील, ते तुम्हीच ओळखा.

त्यांच्या ‘स्लम सॉकर’चा अखिलेश पॉल आधी गुन्हेगारीच्या वाटेला लागला होता. २०१० मध्ये तो ब्राझीलच्या रिओ शहरात बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ कार्यक्रमात ही गोष्ट घरोघरी पोचली. २०१६ मध्ये ‘फिफा’नं संस्थेला पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ पाहिलात ना? त्यात अमिताभ बच्चन झालेत ते बारसे सरांवरूनच. सिनेमात थोडं तिखटमीठ असणारच म्हणा!

त्या विश्वचषकाचे नियम मात्र मला फार आवडले. एका संघाचे फक्त चार जण मैदानात, त्यातलाच एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदानही छोटंसं. म्हणजे आपल्या गल्लीतही जमेल. गोलाच्या खुणेला चपला चालतील. आणि एखादा भिडू कमी पडलाच, तर कडेला उभी असलेली पोरं आहेतच की!