लुतीला दगड नव्हे, औषध

अंगावरचे केस झडलेले, कातडी काळवंडून जाड झालेली, अखंड खाजवीत बसलेले कुत्रे सुरतेच्या गल्लीत दिसले, की कोणी त्यास पिसाळलेले ठरवितो, कोणी दगड उचलतो, तर कोणी भूतदयेपोटी त्याच्या अंगावर इंजिनाचे जळके तेल ओततो. तिन्ही प्रकार सारख्याच अज्ञानाचे आहेत.

लूत म्हणजे पिसाळ नव्हे. डोळ्यांना न दिसणारे आठपायी जीव हा रोग आणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात कानांच्या कडा, कोपरे व पोट यांना असह्य खाज सुटते. हा प्रकार एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो आणि माणसाच्या अंगावरही काही काळ पुरळ उठवितो. दुसऱ्यातील जीव पिल्लास जन्मताच आईकडून मिळतात. प्रतिकारशक्ती खालावली, की डोळ्यांभोवती व तोंडाभोवती चट्टे पडतात. हा प्रकार सहसा पसरत नाही. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, की बहुधा उलगडा होतो.

दोन्हींवर औषध आहे. आयव्हरमेक्टिन स्वस्त आहे. मात्र त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी, कारण कोली जातीच्या कुत्र्यांना ते प्राणघातक ठरू शकते. फ्लुरालॅनरच्या एका गोळीचा परिणाम सुमारे १२ आठवडे टिकतो. जळके तेल मात्र कुत्रे चाटते आणि विष पोटात जाते.

१६८९ साली सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने येथील वाण्यांनी चालविलेल्या पशुरुग्णालयाचे वर्णन केले आहे. त्यात गाई-घोड्यांबरोबर कुत्रेही होते. त्याच शहराने १९९४ च्या प्लेगात भीती रोगाहून वेगाने कशी पसरते, हेही पाहिले. दया आणि धडा दोन्ही पदरी असलेल्या नगरीला आणखी कोणी शिकवावे?

आमची सूचना साधी आहे. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे नगरसंस्थांचे कर्तव्य आहे. त्यासाठी कुत्रे काही दिवस केंद्रात राहतेच. तेव्हाच त्याची त्वचा तपासून औषध द्यावे, खाजऱ्या लुतीचे कुत्रे वेगळे ठेवावे. लिंबायत-उधन्याच्या मराठी वस्त्यांनीही असे कुत्रे हुसकावण्याऐवजी महापालिकेस कळवावे. हुसकावलेले कुत्रे शेजारच्या गल्लीत जाते, आणि लूतही त्याच्याबरोबर जाते.

चावा मात्र कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम साबण-पाण्याने धुऊन त्वरित लस घ्यावीच. सावधगिरी हवी, क्रौर्य नको. हा भेद ज्या समाजास कळतो, तोच सुसंस्कृत म्हणविण्यास पात्र होय.