कुंपणापलीकडचे टोमॅटो

गावाचं नाव रोता. ऐकल्याबरोबर नवऱ्याने "मग हसता कुठे आहे?" हा विनोद करून घेतलाच. असो!

स्पेनच्या दक्षिणेला, कादिझच्या समोर समुद्रकाठी वसलेलं हे छोटंसं गाव. पांढरी घरं, जुन्या किल्ल्यात थाटलेली नगरपालिका आणि किनाऱ्यावर 'कोर्रालेस', म्हणजे दगडांच्या बुटक्या भिंतींची कुंपणं. भरतीला पाण्याबरोबर मासे आत येतात, ओहोटीला पाणी जातं आणि मासे अडकतात. मी तासभर नुसती बघत उभी होते.

दुसरं कुंपण मात्र तारेचं, गावाला अगदी खेटून. १९५३ साली फ्रँकोने अमेरिकेशी करार केला आणि इथे नौदलाचा तळ आला. जवळजवळ सहा हजार एकर! तळावर झेंडा स्पेनचा, प्रमुखही स्पॅनिश, पण २०१४ पासून अमेरिकेच्या विनाशिका इथे मुक्कामाला आहेत. हुकूमशाहीच ती, जमीन देता का म्हणून शेतकऱ्यांना कोण विचारणार? भाजीचे मळे गेले, तिंतिया नावाची गोड लाल वाईन ज्या द्राक्षांची होते ते मळेही गेले.

जेवायला गेलो तिथले मालक फर्डं इंग्रजी बोलत होते. तळावरच्या नोकरीत शिकले म्हणे. "आजोबांची शेती आत आहे. पण तळ नसता तर गावाने खाल्लं काय असतं?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं. आजोळची जमीन एका प्रकल्पात गेली, तेव्हापासून आमच्याकडेही "पोराला नोकरी तर लागली ना" असंच म्हणतात. (मामा, रागावू नका, पण लिहिणारच आहे.) नोकरी लागली हे खरंच, त्यावर दोन घरं उभी राहिली. पण ती अठ्ठावन्नाव्या वर्षी संपली, मुलाच्या नावावर करता आली नाही. जमिनीची भरपाई म्हणून नोकरी मोजायची हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. नोकरी हा कामाचा मोबदला, जमिनीचा नव्हे.

मालकांनी 'अरांके' आणून ठेवलं. पाव, टोमॅटो, मिरची, लसूण, ऑलिव्हचं तेल एकत्र कुटलेलं, पूर्वीचं शेतमजुरांचं खाणं. फार चविष्ट!

"टोमॅटो इथलेच का?" मी विचारलं.

"छे हो," ते हसले, "बाजारातले."