विश्लेषण : मन भरकटणे म्हणजे वेळ वाया जाणे का?

२५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांचे हे ‘पोमोडोरो’ तंत्र आज पुण्यातील अभ्यासिकांपासून आयटी कंपन्यांपर्यंत रुळले आहे. अडचण त्या २५ मिनिटांची नाही, नंतरच्या ५ मिनिटांची आहे. ती बहुतेकांची रील पाहण्यात जातात.

रिकामा मेंदू काय करतो?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा लागते सुमारे २० टक्के. आपण काहीच करत नसताना ही मागणी फारशी घटत नाही. अमेरिकेतील संशोधक मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले, की मेंदूचे काही भाग उलट अशा वेळीच अधिक सक्रिय असतात. त्यालाच पुढे ‘डीफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हटले गेले. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, स्वतःविषयीचे विचार येथे घोळतात. रील पाहताना मात्र लक्ष पडद्याने धरून ठेवलेले असते. ही विश्रांती नव्हे, दुसरी ड्युटी आहे.

मग मन भरकटू द्यावे का?

सरसकट नाही. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० जणांची फोनवरून वेळोवेळी विचारपूस केली. त्यांचे मन जवळपास ४७ टक्के वेळा हातातल्या कामावर नव्हते आणि अशा वेळी ते कमी आनंदी होते. काळजी उगाळणे हेही भरकटणेच, पण त्यातून कल्पना सुचत नाहीत.

उपयोग कधी होतो?

२०१२ मध्ये बेंजामिन बेअर्ड व सहकाऱ्यांनी काहींना मध्यंतरात अवघड, तर काहींना अगदी सोपे काम दिले. सोपे काम करणाऱ्यांना नंतर अधिक कल्पना सुचल्या, नुसते बसून राहिलेल्यांपेक्षाही. पुढील काही प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही, हेही खरे. तरीही भांडी घासणे, चालणे यांत गमावण्यासारखे काय आहे?

ते करू द्यायला हवे, हा मात्र कार्यालयांचा प्रश्न. चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की विचारणा होणार असेल, तर कर्मचारी खुर्ची सोडणार नाही. बसल्या जागी फोन उघडेल. गणितावर अडलेल्या विद्यार्थ्यावर असे बंधन नसते. त्याने फोन अभ्यासिकेतच ठेवून चहाला खाली उतरावे. पण आधी त्या गणिताशी पुरेशी झटापट करून. बेअर्ड यांच्या प्रयोगात फायदा आधी हाताळलेल्या प्रश्नांनाच झाला होता, नव्या प्रश्नांना नाही.