सावित्रीची खतावणी

महाडच्या बाजारपेठेंतील कोणत्याहि दुकानांत जाऊन विचारावें कीं, दिवाळीपासून आजपर्यंत तांदूळ किती आला, किती गेला व शिल्लक किती उरला. मालक वही उघडून घटकाभरांत उत्तर देईल. परंतु ज्या नदीच्या खाडींतून बाणकोटच्या वाटेनें गलबतें येत म्हणून येथें ही पेठ वसली, त्या सावित्रीचा जमाखर्च विचारला तर सांगणारा कोणी भेटत नाहीं. पाऊस किती पडला हें एका कचेरीस ठाऊक, नदीची पातळी दुसरीस, विहिरींची तिसरीस, आणि पाण्यांत काय मिसळलें हें चौथीस. वह्या चार आहेत. खतावणी एकहि नाहीं. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांचीं पाण्याचीं दुःखें वर्षानुवर्षें तशींच राहण्याचें हें एक मोठें कारण आहे, असें आमचें मत आहे.

नदी तर एकच आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून ती पोलादपुराकडे उतरते. ढवळी, कामथी यांसारख्या उपनद्यांचें पाणी घेते. महाडाजवळ काळ व गांधारी तीस मिळतात आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून ती समुद्रास जाते. उगम सातारा जिल्ह्यांत, मधला प्रवाह रायगडांत, मुखाचा दक्षिण कांठ रत्नागिरींत! पाण्यास जिल्ह्याची हद्द समजत नाहीं. सरकारी कागदास मात्र ती फार चांगली समजते.

आतां थोडा हिशेब करूं. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी होतें. पोलादपूर तालुक्यांत वर्षास 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याच डोंगरावर 300 कोटि लिटर. सरकारी योजनेंत खेड्यांतील माणसामागें रोज 55 लिटर पाणी धरतात. त्या मानानें हजार वस्तीच्या गांवास वर्षाला दोन कोटि लिटर पुरे. तीनशें जमा, दोन खर्च. आणि तरीहि एप्रिल उजाडला कीं वाड्यावाड्यांतून टँकरची वाट पाहणें सुरू होतें! अशी पेढी एखाद्या सावकाराची असती, तर मुनिमास दुसऱ्याच दिवशीं घरीं बसविलें असतें.

शिल्लक जाते कोठें? येथील डोंगर काळ्या कातळाचे व उभ्या उताराचे. भेगा व झिजलेला थर असेल तेथेंच पाणी मुरतें. बाकीचें काहीं तासांत नदींत येतें. कोणत्या उतारावर पाणी मुरतें, कोणता झरा कोणत्या महिन्यांत आटतो, हें पाहिल्यावांचून बंधारा बांधणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनें सबंध महाराष्ट्राची पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे व ती निवडक विहिरींची पातळी वर्षांतून ठराविक महिन्यांत मोजते. काम चांगलें आहे. परंतु डोंगरांतल्या झऱ्यांची नोंद गांवानेंच ठेविली पाहिजे. त्यास शास्त्रज्ञ नको. एक बादली, एक घड्याळ व चिकाटीचा एक शाळामास्तर पुरे.

पुराची गोष्ट निराळी नाहीं. 2005 च्या जुलैंत दासगांव, जुई, कोंडिवते, रोहन येथें डोंगर खचून माणसें गाडलीं गेलीं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळचा 1928 सालचा पूल पुरांत कोसळला व एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. 2021 च्या जुलैंत महाबळेश्वरीं एका दिवसांत 594 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट, पाऊस पडला. त्याच सुमारास, 22 जुलैस, महाडची पेठ बुडाली व तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक जीव गेले. महाबळेश्वरीं पाऊस मोजण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तेथला आंकडा, पोलादपुराजवळची पातळी व खाडीच्या भरतीची वेळ हीं तीन एका ठिकाणीं मांडलीं तर दुकानदारास माल माळ्यावर चढविण्यापुरता अवधि मिळेल. कारण वरचें पाणी व भरती एकाच वेळीं आलीं म्हणजेच पुराचा निचरा खोळंबतो. त्या पुरानंतर नदींतला गाळ काढण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें, हें उचितच झालें. पण गाळ कोणत्या डोंगरांतून येतो व दरसाल किती येतो, हें न मोजतां तो उपसत राहणें हें फुटक्या घागरीनें विहीर उपसण्यासारखें आहे.

पाण्याच्या प्रतीविषयीं बोलणें अधिक नाजूक, म्हणूनच अधिक जरूर. महाडास रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिचें सांडपाणी सामाईक केंद्रांत शुद्ध करून नळानें खाडीकडे नेतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें 2018 सालीं महाराष्ट्रांतील 53 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तींत सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा भाग आहे. पाण्यांतली घाण कुजतांना जो प्राणवायु खाते, त्याचें माप लिटरमागें मिलिग्रॅममध्यें घेतात. केवळ जंतुनाश करून पिण्यास घ्यावयाच्या पाण्यांत तें दोनांवर व नेहमींच्या शुद्धीकरणानंतर घ्यावयाच्या पाण्यांत तिनांवर जाऊं नये, असा दंडक आहे. पण महिन्यांतून एकदां भर दुपारीं भरलेली बाटली मध्यरात्रीं सोडलेल्या पाण्याची साक्ष कशी देणार? आणि जुलैच्या पुरांत आंकडा उतरला म्हणून नदी शुद्ध झाली असेंहि नव्हे. घाण पातळ झाली, इतकेंच.

कांहीं व्यापारी मित्र म्हणतात, असे आंकडे चव्हाट्यावर मांडल्यानें कारखाने बदनाम होतील व पेठेची रोजी जाईल. आम्हांस उलट दिसतें. आंकडा नसला कीं खाडीकांठच्या मासेमारास सगळेच कारखाने सारखे अपराधी वाटतात. प्रामाणिक कारखानदाराची सुटका आंकड्यानेंच होईल.

पाण्याचा प्रश्न सर्वांपुढें उघड मांडणें या शहरास नवें नाहीं. रावबहादूर बोले यांच्या 1923 च्या ठरावास अनुसरून येथील नगरपालिकेनें 1924 सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावें लागलें, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास 1937 चा मार्च उजाडला. पाण्यास हात लावण्याचा हक्क ज्यांनीं एवढ्या कष्टानें मिळविला, त्यांच्या नातवंडांस त्याच पाण्यांत काय आहे हें कळूं नये काय?

आमची सूचना साधी आहे. महाड नगरपालिका व पोलादपूर नगरपंचायत यांनीं मिळून एक समिति नेमावी. लोणेरें येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ व महाडचें आंबेडकर महाविद्यालय यांचे अध्यापक व विद्यार्थी तींत घ्यावे. चारहि कचेऱ्यांचे आंकडे दरमहा मागवून एका वहींत उतरावे व वर्षअखेर ती वही छापावी. सातारा व रत्नागिरी येथील जिल्हाधिकाऱ्यांकडे आंकडे मागण्याचें पत्र रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं धाडावें. मृगापूर्वीं चवदार तळ्याच्या कांठीं एक काळा फळा उभारून त्यावर रोजचा पाऊस, नदीची पातळी, भरतीची वेळ व पाण्याची शेवटची तपासणी खडूनें लिहावी. त्या फळ्यास मंजुरी मिळण्यास नगरपालिकेच्या किती सभा लागतात, तें आम्ही याच स्तंभांत वेळोवेळीं नमूद करूं.